सोळा वर्षांच्या मुलाचे नाव किती वर्षे नोंदीत ठेवायचे?

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुतण्याचे वय घटनेच्या दिवशी सोळा वर्षे पाच महिने होते. शेजारच्या चौदा वर्षांच्या मुलीच्या वडिलांनी तक्रार दिली, पोक्सो कायद्याखाली (अठरा वर्षांखालील मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) गुन्हा नोंदला गेला आणि तीन आठवडे निरीक्षणगृहात राहून मुलगा आता जामिनावर घरी आला आहे. त्याला सैन्यात भरती व्हायचे आहे. दिल्लीत लैंगिक गुन्हेगारांची यादी असते, एकदा नाव चढले की मरेपर्यंत निघत नाही आणि अमेरिकेत तर ती फोटोसकट सगळ्यांना पाहायला मिळते, असे गावात कोणीतरी सांगितल्यामुळे घर हादरले आहे. हे खरे आहे का, अल्पवयीन मुलांसाठी असा नियम असावा का, आणि बाल न्याय मंडळाने मानसतज्ज्ञाकडे जायला सांगितले आहे तिथे जाण्याची खरोखर गरज आहे का, असे मुलाच्या काकांनी विचारले आहे.

बेळगावात मी बावीस वर्षे वकिली करते आहे आणि त्यातली बहुतेक वर्षे बाल न्याय मंडळापुढच्या कामात गेली आहेत. कधी मुलाच्या बाजूने, कधी तक्रारदार मुलीच्या बाजूने. खाली ज्या अशिलांचा उल्लेख येईल त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

काका, पहिले उत्तर असे की पुतण्याचे नाव आज अशा कोणत्याही यादीत नाही. पुढे ते जाण्याचा धोका आहे की नाही, हे मात्र ज्या तपासणीला जाण्याची गरज आहे का असे तुम्ही विचारता, तिच्यावरच बरेचसे अवलंबून आहे. तुमच्या पत्रात एक शब्दप्रयोग आहे, ‘पोरवयातली चूक’, तो मला मान्य नाही. ती मुलगी चौदा वर्षांची आहे, तीही पोरवयातच आहे आणि तिच्या वाट्याला काय आले याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. मुलाला आयुष्यभराचा शिक्का लागू नये असे मी पोटतिडकीने मानते. पण घडले ते किरकोळ होते असे म्हणून ते साधत नाही, आणि मंडळासमोर तसे म्हणणाऱ्या घरच्या माणसांमुळे मुलाचे नुकसान होताना मी पाहिले आहे.

आता यादीविषयी. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने राज्यांना लैंगिक गुन्हेगारांची नोंद ठेवायला लावले, १९९६ मध्ये ती माहिती लोकांना कळवणे बंधनकारक झाले आणि २००६ च्या अॅडम वॉल्श कायद्याने गंभीर लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या चौदा वर्षांवरील मुलांनाही त्या नोंदीत ओढले. हे सगळे कायदे लहान मुलांच्या बाबतीत घडलेल्या भयंकर घटनांनंतर, दुःखाच्या आणि संतापाच्या भरात झाले होते. ते दुःख खरे होते. पण प्रौढ, सराईत गुन्हेगारासाठी शिवलेला अंगरखा चौदा वर्षांच्या पोराला चढवला गेला, आणि त्यातून मुले सुरक्षित झाली का, याचा हिशोब पुढे संशोधकांनी मांडला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत तेहेतीस हजारांहून अधिक मुलांची माहिती १०६ अभ्याससंचांतून एकत्र केली होती. त्यात पुन्हा लैंगिक गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण सरासरी पाच टक्क्यांच्या आत आणि २००० नंतरच्या अभ्यासांत तीन टक्क्यांहूनही कमी निघाले. म्हणजे शंभरातली पंचाण्णवांहून अधिक मुले पुन्हा त्या वाटेला जात नाहीत, आणि नोंद मात्र त्यांच्यातल्यांचीही होते.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एलिझाबेथ लेटुर्नो यांनी २०१८ मध्ये मांडलेले निष्कर्ष मला अधिक अस्वस्थ करतात. त्यांनी उपचार घेणाऱ्या मुलांचेच दोन गट पाहिले, नोंदीत नाव असलेला आणि नसलेला. नाव असलेल्या मुलांत नजीकच्या काळात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण चौपट होते आणि एखाद्या प्रौढाने लैंगिक हेतूने गाठल्याचे सांगणाऱ्यांचे पाचपट. ज्या यादीने मुलांचे रक्षण करायचे, तिने काही मुलांना भक्ष्य म्हणून समोर ठेवले.

न्यायालयांनी यात काही दुरुस्ती केली आहे. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मुलांची आपोआप होणारी आजन्म नोंद ही क्रूर शिक्षा ठरवली. पेन्सिल्वेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले की ‘हा मुलगा पुन्हा गुन्हा करणारच’ असे कायद्याने गृहीत धरायचे आणि ते खोडून काढण्याची संधीच द्यायची नाही, हे योग्य प्रक्रियेत बसत नाही. इंग्लंडमध्ये नोंद लोकांसाठी खुली नसते, तरीही अकरा वर्षांचा असताना गुन्हा केलेल्या एका मुलाच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले की फेरविचाराची सोय नसलेली आजन्म नोंद मानवी हक्कांशी विसंगत आहे, आणि २०१२ पासून अशा मुलांना आठ वर्षांनंतर फेरविचार मागता येऊ लागला. या सगळ्या निकालांचा गाभा एकच आहे: नोंद ठेवायची असेल तर त्या माणसाकडे पाहून ठेवा, कलमाच्या आकड्याकडे पाहून नको, आणि तिला शेवट असू द्या.

आपल्याकडे लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ती सांभाळतो, ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते आणि सुरुवातीलाच तिच्यात चार लाखांहून अधिक नोंदी होत्या. बलात्कार, सामूहिक बलात्कार, पोक्सो आणि छेडछाड या प्रकारांत दोषी ठरलेल्यांचे नाव, पत्ता, छायाचित्र, बोटांचे ठसे असा तिचा ऐवज आहे. गावात सांगितले गेले तशी ती कुणालाही उघडून पाहता येत नाही. तरीही माझी हरकत आहे, कारण ही नोंद स्वतंत्र कायद्याने निर्माण झालेली नाही. त्यामुळे गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांखालील असलेल्या व्यक्तीचे काय, नाव किती वर्षांनी काढायचे आणि कोणाकडे दाद मागायची, हे संसदेने लिहिलेल्या कलमात सापडत नाही.

उलट २०१५ चा बाल न्याय कायदा या बाबतीत फार स्पष्ट आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात नव्या सुरुवातीचे तत्त्व आहे: अपवादात्मक परिस्थिती वगळता मुलाच्या मागच्या नोंदी पुसल्या गेल्या पाहिजेत. कलम २४ सांगते की या कायद्याखाली ज्याचे प्रकरण हाताळले गेले त्या मुलाला दोषी ठरल्यामुळे येणारी कोणतीही अपात्रता चिकटणार नाही, आणि अपिलाची मुदत व ठरलेला काळ संपल्यावर नोंदी नष्ट करण्याचा आदेश मंडळाने द्यायचा आहे. २०१६ च्या नमुना नियमांनी तो काळ जास्तीत जास्त सात वर्षे धरला आहे. कलम ७४ प्रमाणे प्रलंबित किंवा निकाली निघालेल्या प्रकरणातली मुलाची माहिती पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी किंवा अन्य कारणासाठी द्यायची नाही. पोक्सोच्या कलम ३४ प्रमाणे आरोप असलेली व्यक्ती अठराच्या आतली असेल तर तिचे प्रकरण याच कायद्याने चालते.

पण कलम २४ ला एक दार ठेवलेले आहे आणि तुमचा पुतण्या नेमका त्या दारापाशी उभा आहे. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षे किंवा अधिक शिक्षा आहे तो अतिगंभीर. सोळा वर्षांखालील मुलीवरच्या बलात्काराच्या स्वरूपाच्या (प्रवेशी) लैंगिक अत्याचाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोक्सोत किमान वीस वर्षे आहेत. मुलगा सोळा पूर्ण झालेला आणि आरोप असा असेल, तर मंडळ कलम १५ खाली प्राथमिक मूल्यांकन करते: त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता काय, परिणाम समजण्याची कुवत किती, घटना कोणत्या परिस्थितीत घडली. मंडळाने प्रकरण आपल्याकडेच ठेवले तर जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात, म्हणजे मुलांच्या सुधारगृहात, ठेवता येते आणि कलम २४ चे पूर्ण छत्र मिळते. त्याने ते बालकांच्या न्यायालयाकडे पाठवले आणि त्या न्यायालयानेही प्रौढाप्रमाणे खटला चालवून दोषी ठरवले, तर अपात्रतेपासूनचे संरक्षण जाते आणि नोंदीही जपून ठेवल्या जातात. राष्ट्रीय नोंदीत अल्पवयीन मुलाचे नाव जाण्याची वाट माझ्या वाचनाप्रमाणे हीच आहे.

म्हणून त्या मानसतज्ज्ञासमोरची बैठक ही औपचारिकता नाही. बहुतेक घरांना हे कळत नाही. जामीन मिळाला की बाजी मारली असे वाटते आणि वडापाच्या जीपला तीस-चाळीस रुपये घालून पुन्हा बेळगावला कशाला जायचे, असा विचार होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे की हे काम अतिशय नाजूक आहे आणि मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे. या मूल्यांकनात गुन्हा केला की नाही हे ठरत नाही, तेव्हा मुलाला पाठ केलेली उत्तरे शिकवून नेऊ नका. शाळा कशी सुटली, घरात दारू आहे का, मोबाइलवर काय पाहत होता, त्याच्यावर स्वतःवर लहानपणी कधी अत्याचार झाला होता का, हे त्याने मोकळेपणाने सांगितले तरच अहवालाला अर्थ असतो. मूल्यांकनाचा आदेश विरुद्ध गेला तर कलम १०१ खाली सत्र न्यायालयात दाद मागता येते. कर्नाटकातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये त्यासाठी तीस दिवसांची मुदत स्पष्ट केली आहे. ते तीस दिवस हातून जाऊ देऊ नका.

कायद्यात काय बदलावे, याबद्दल माझे मत सांगते. राष्ट्रीय नोंदीच्या नियमांत एक वाक्य स्पष्ट लिहिले पाहिजे की गुन्ह्याच्या तारखेला अठरा वर्षांखालील असलेल्या व्यक्तीची नोंद आपोआप होणार नाही. प्रौढ म्हणून खटला चाललेल्या सोळा ते अठरा वयोगटातल्या मोजक्या मुलांबाबत न्यायालयाला नोंद गरजेची वाटलीच, तर ती कारणे लिहून, ठरावीक मुदतीसाठी आणि फेरविचाराच्या तारखेसह असावी. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. कलम २० प्रमाणे असा मुलगा एकवीस वर्षांचा झाला आणि त्याची मुदत उरली असली, की त्याच्यात सुधारणा झाली आहे का याचा आढावा बालकांचे न्यायालय आजही घेते. सुटकेचा विचार ज्या कागदांवरून होतो त्याच कागदांवरून नोंदीचाही विचार त्याच दिवशी व्हावा. मुलगा समाजात परतायला योग्य आहे असे एका हाताने लिहायचे आणि दुसऱ्या हाताने त्याचे नाव कायमचे ठेवायचे, यात मला कोणतीही सुसंगती दिसत नाही.

कलमाच्या आकड्यावरून नोंद करणे किती चुकीचे ठरते, हे आपल्याच भागातल्या न्यायालयाने दाखवले आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने नोव्हेंबर २०२२ मध्ये, सोळा वर्षांवरील मुली प्रेमसंबंधातून निघून गेल्याची प्रकरणे वारंवार समोर येत असल्याचे नमूद करून, वयाच्या निकषाचा फेरविचार करण्यास विधी आयोगाला सांगितले. आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या २८३ व्या अहवालात संमतीचे वय अठराच ठेवले, पण सोळा ते अठरा वयोगटातल्या अशा प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायालयाला मर्यादित विवेकाधिकार देण्याची शिफारस केली. सतरा वर्षांच्या मुलाबरोबर कोल्हापूरला निघून गेलेली सतरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांच्या बालिकेवर झालेला अत्याचार, दोन्ही पोक्सोतच बसतात. नोंद फक्त कायद्याचे नाव वाचते.

इथे मला दोन माणसांबद्दल सांगितले पाहिजे. एका प्रकरणातली आई, वडगावच्या यंत्रमागावर काम करणारी, न्यायालयाच्या आवारातल्या झाडाखाली माझी वाट पाहत बसली होती. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत तिने चार पानांचा कागद घडी घालून ठेवला होता. घड्यांवर तो फाटायला आला होता. सगळा मजकूर कानडीत, आणि मागच्या बाजूला मुलीकडून मराठीत लिहून घेतलेली फक्त तारीख. “बाई, ह्यात काय लिवलंय ते वाचून दावा की,” ती म्हणाली, “सही तर मी करून बसलेय.” तो मुलाची सामाजिक पार्श्वभूमी विचारणारा कागद होता आणि वडिलांचे व्यसन, शाळा सोडल्याचे कारण, घरातली माणसे, सगळे रकाने जवळपास कोरे होते. ज्या अहवालावरून मुलाचे पुढचे आयुष्य ठरणार तो आईला न कळणाऱ्या भाषेत, तिला काहीही न विचारता भरला गेला होता. कानडीत कामकाज चालण्याला माझी हरकत नाही, तीच इथली प्रशासनाची भाषा आहे. पण ज्याच्याविषयी आणि ज्याच्याकडून माहिती घ्यायची त्याला ती समजावून सांगणारे कोणी हवे, आणि ते मागणे हा तुमचा हक्क आहे.

दुसरा एक तरुण. मंडळाने त्याला समुपदेशन आणि देखरेखीवर सोडले होते, सर्व अटी त्याने पाळल्या होत्या. बेळगावसारख्या, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या गावात पहाटे धावणाऱ्या पोरांना तोटा नाही; हाही रोज धावत होता. भरतीत मैदानी चाचणी निघाली, वैद्यकीय निघाली, आणि चारित्र्य पडताळणीत जुना गुन्हा वर आला. ठाण्याच्या वहीतली ओळ आदेशाप्रमाणे खोडलेली होती, पण संगणकात भरलेली नोंद तशीच होती, कारण आदेशात फक्त “ठाण्यातील नोंद नष्ट करावी” एवढेच शब्द होते. दुरुस्तीसाठी आम्ही अर्ज केला, संगणकातली नोंद निघायला सात महिने लागले. तोवर ती भरती संपून गेली होती. तेव्हापासून मी प्रत्येक प्रकरणात मंडळाला विनंती करते की नोंद कुठेकुठे आहे, ते आदेशात नाव घेऊन लिहावे: ठाण्याची वही, संगणकीय नोंद, बोटांचे ठसे, छायाचित्र, आणि घटना कागल किंवा चंदगडकडची असेल तर महाराष्ट्रातले ठाणेसुद्धा. सीमेवरच्या मुलांची कागदपत्रे दोन राज्यांत, दोन भाषांत पसरलेली असतात आणि एका बाजूचा आदेश दुसऱ्या बाजूला आपणहून पोहोचत नाही. कायद्याच्या सुधारणेइतकीच ही कारकुनी सुधारणा मला महत्त्वाची वाटते.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निर्णय अशा वेळी उपयोगी पडतो. अल्पवयीन असताना विनयभंगाचा आरोप झाला होता म्हणून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातली एकाची निवड रद्द झाली होती. न्यायालयाने सांगितले की तो दोषी ठरला असता तरीसुद्धा बालवयातली ती गोष्ट नोकरीच्या आड आणता आली नसती. म्हणून भरतीच्या अर्जातला गुन्ह्याविषयीचा रकाना घाईने भरू नका आणि खोटेही लिहू नका. काय लिहायचे ते आधी वकिलाकडून लेखी घ्या.

मुलींच्या बाजूने उभी राहताना मला एक गोष्ट शिकायला मिळाली. त्यांच्या घरच्यांनी माझ्याकडे यादी क्वचितच मागितली. त्यांचे प्रश्न असे असतात: तो सुटला तर आम्हाला कळवतील का, तो आमच्या दारावरून जाणार का, पोरगी त्याच बसने शाळेला कशी जाणार. या प्रश्नांना आजन्म नोंदीत उत्तर नाही. ते जामिनाच्या आणि देखरेखीच्या अटींत आहे, पोक्सो नियमांतल्या आधार देणाऱ्या व्यक्तीत आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळणाऱ्या भरपाईत आहे, आणि मुलावर होणाऱ्या खऱ्याखुऱ्या उपचारांत आहे. आपल्या गावांत या अपराधांची खरी यादी व्हॉट्सअॅपवर चालते. तिथे मुलाचा फोटो फिरतो आणि त्यावरून मुलगी कोण हेही सगळ्यांना कळते. मुलाची ओळख उघड करणे कलम ७४ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंडाचा अपराध आहे आणि मुलीची ओळख उघड करण्यालाही शिक्षा आहे. तुमच्या गावच्या ग्रुपवर असा फोटो असेल तर त्याची प्रत वकिलाकडे द्या आणि स्वतः पुढे पाठवू नका.

आता तुमच्यासाठी लगेच करण्यासारखे. शाळेतला जन्मतारखेचा मूळ दाखला काढा. आपल्या तालुक्यांत पुष्कळ पोरांची तारीख गुरुजींनी १ जून टाकलेली असते आणि सोळा पूर्ण की अपूर्ण यावर सगळे फिरत असताना पाच महिन्यांचा फरक लहान नाही. कायदा शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला आधी पाहतो, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा. दाखल्यात खाडाखोड मात्र कोणाच्याही सल्ल्याने करू नका. पुढच्या तारखेला दुभाष्याची लेखी मागणी करा आणि परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी येतील तेव्हा मुलाच्या आईला बोलू द्या, तुम्ही मध्ये उत्तर देऊ नका.

आणि पंचांना घेऊन मुलीच्या घरी समेटाला जायचा विचार चालू आहे, असे पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे. जाऊ नका. हा गुन्हा आपापसांत मिटवता येत नाही, साक्षीदारावर दबाव आणला म्हणून जामीन जाऊ शकतो, आणि त्या उंबऱ्यावर तुम्हा चार मोठ्या माणसांना पाहून त्या मुलीला काय वाटेल, याचा विचार आधी करा. तेवढाच वेळ काढून पुतण्याला मानसतज्ज्ञाकडे घेऊन जा आणि तो आत बोलत असताना तुम्ही बाहेर बसा.